कुमारी म्हणजे नक्की कोण? भारतातली आणि नेपाळातली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र जवळ आलं की कुमारिकापूजनाचे प्रश्न सुरू होतात. इंद्रजात्रेच्या सुमाराला काठमांडूच्या ‘जिवंत देवी’चे व्हिडिओ फिरू लागले की वेगळेच प्रश्न येतात. दोन्हीकडे शब्द एकच असल्याने एकीकडचं उत्तर दुसरीकडे चिकटवलं जातं आणि घोळ होतो. थोडक्यात सांगायचं तर भारतात कुमारी ही बहुतेक ठिकाणी घटकाभराची पूजा आहे, नेपाळच्या काठमांडू खोऱ्यात ते पद आहे. बाकीचे फरक यातूनच निघतात.

‘कुमारी’चा मूळ अर्थ काय? लहान मुलगी, अविवाहित, की अक्षतयोनी?

आधी वय, मग लग्न, आणि शरीराचा अर्थ सगळ्यात शेवटी. पाणिनीचं ‘वयसि प्रथमे’ (४.१.२०) हे सूत्र पहिल्या वयातल्या शब्दांना स्त्रीलिंगी ‘ई’ कसा लागतो ते सांगतं आणि त्याची ठरलेली उदाहरणं म्हणजे कुमारी, किशोरी. कुमार हा पोरवयाचा मुलगा, तशी कुमारी ही पोरवयाची मुलगी. ज्या समाजात मुलीचं पोरवय लग्नानेच संपायचं तिथे ‘लहान’ आणि ‘बिनलग्नाची’ हे अर्थ एकमेकांत मिसळणार हे उघड आहे. पाणिनीकडेच ‘कौमार’ पती आहे (४.२.१३), म्हणजे जिचं आधी लग्न झालेलं नाही तिला वरणारा.

पण त्याच व्याकरणात ‘कुमारः श्रमणादिभिः’ (२.१.७०) हे समासाचं सूत्रही आहे. त्याच्या यादीत कुमारश्रमणा, म्हणजे कुमारी असतानाच संन्यास घेतलेली, येते आणि त्याच यादीत कुमारगर्भिणीसुद्धा येते. गरोदर कुमारी! शब्दाचा अर्थ फक्त ‘अक्षत’ असता तर हा समास कोणी बांधलाच नसता. आज ‘कौमार्य’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते आणि त्या नावाखाली मुलींच्या ‘चाचण्या’ घेणारेही निघतात. त्यांनी निदान संस्कृतचा आधार सांगू नये.

या शब्दाची व्युत्पत्ती काय?

धातुपाठात ‘कुमार क्रीडायाम्’ असा धातू दिला आहे, म्हणजे खेळणे. खेळणारा तो कुमार. भाषाशास्त्राच्या कसोटीवर हा धातू नामावरून मागाहून बनवलेला वाटतो, पण परंपरेने तो मनापासून स्वीकारला आणि त्यातून पुढे बरंच काही उभं केलं. ते देवीच्या प्रश्नात येईलच.

कन्या, कुमारी, कुमारिका, गौरी: फरक आहे का?

अमरकोशात ‘कन्या कुमारी’ हे समानार्थी म्हणून शेजारी-शेजारी बसवले आहेत. त्याच ओळीत पुढे गौरी, नग्निका आणि अनागतार्तवा येतात, म्हणजे जिला अजून ऋतू आलेला नाही ती. म्हणजे अमरसिंहाच्या दृष्टीने पाळी आली-नाही आली यासाठी स्वतंत्र शब्द होते आणि ‘कुमारी’वर ती अट नव्हती. कुमारिका हे ‘क’ लावून केलेलं लाडकं रूप आहे. मराठीत पूजेच्या संदर्भात तेच रूढ झालं: कुमारिकापूजन, सवाष्ण आणि कुमारिका जेवायला.

कन्येबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाभारतात कुंती सूर्याला ‘मी अजून आईवडिलांच्या अधीन आहे’ म्हणून परतवू पाहते, तेव्हा सूर्य तिला शब्दार्थच ऐकवतो. जी कोणाचीही इच्छा करू शकते ती कन्या, कन्या ही स्वतंत्र असते. सूर्याचा हेतू काही निर्मळ नव्हता आणि त्याची किंमत कुंतीने जन्मभर मोजली. तरीही ‘कोणाच्याही मालकीची नसलेली’ हा अर्थ परंपरेच्या आतच उपलब्ध होता, हे यातून दिसतं.

देवी तर शिवाची पत्नी. मग तिला कुमारी कसं म्हणतात?

या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

उल्लेख जुने आहेत. तैत्तिरीय आरण्यकाच्या दहाव्या प्रपाठकातली दुर्गागायत्री ‘कन्यकुमारि धीमहि’ असं म्हणते. भीष्मपर्वात युद्धाच्या तोंडावर अर्जुन जे दुर्गास्तोत्र म्हणतो त्यात ‘कुमारि कालि कापालि’ अशी हाक आहे. (पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने हे स्तोत्र मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवलं आहे, पण ते जुनं आहे यात वाद नाही.)

प्रश्नाला थेट भिडतात ते काश्मीरचे शैव. शिवसूत्रांतलं एक सूत्र आहे: ‘इच्छाशक्तिरुमा कुमारी’. उमा आणि कुमारी एकाच दमात! क्षेमराजाची टीका इथे तीन वाटांनी जाते. एक, कुमारी म्हणजे खेळणारी, विश्वाची निर्मिती आणि संहार हाच जिचा खेळ. वरचा ‘कुमार क्रीडायाम्’ इथे कामाला येतो. दोन, ‘कु’ म्हणजे मायेची भूमी, तिला मारणारी. तीन, जी दुसऱ्या कोणाची भोग्य होत नाही, सदैव भोक्तीच असते ती. तिसरी वाट मला सगळ्यात दमदार वाटते. देवीचं लग्न झालं की नाही हा प्रश्नच तिथे गैरलागू होतो, कारण शक्ती लग्न करूनही कोणाच्या ताब्यात जात नाही.

मग कन्याकुमारीची देवी? तिथे तर लग्न मोडल्याची कथा आहे.

हो, आणि ती कथा लोकांना तत्त्वज्ञानापेक्षा जास्त लक्षात राहते. बाणासुराला वर होता की त्याचा मृत्यू कुमारीच्याच हातून होईल. शुचींद्रमच्या शिवाशी देवीचं लग्न ठरलं. मुहूर्त पहाटेचा. लग्न लागलं तर असुर मरणार नाही म्हणून नारदाने कोंबड्याची बांग दिली, मुहूर्त टळला असं समजून वरात अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. लग्नासाठीचे तांदूळ आणि धान्य तसंच राहिलं, त्याचे दगड झाले. तिथल्या किनाऱ्यावर तांदळाच्या कण्यांसारखे दिसणारे खडे आणि रंगीत वाळू आहे, ती हीच म्हणून दाखवतात. देवी हातात जपमाळ घेऊन उभी आहे आणि तिच्या नथीतल्या खड्याचं तेज प्रसिद्ध आहे.

हे स्थान फार जुनं आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी प्रवासवर्णनात ‘कोमारी’ नावाच्या भूशिराचा उल्लेख येतो. तिथे स्त्री-पुरुष व्रतस्थ राहून स्नान करतात, कारण एके काळी तिथे एक देवी राहून स्नान करत असे, असं तो लेखक नोंदवतो. समुद्रातल्या ज्या खडकावर विवेकानंद १८९२ च्या डिसेंबरात गेले आणि जिथे एकनाथ रानड्यांच्या खटपटीने १९७० मध्ये स्मारक उभं राहिलं, तिथे श्रीपाद म्हणून जी खूण पुजली जाते तीही याच कुमारीच्या तपश्चर्येची.

कौमारी आणि कुमारी एकच का?

नाही. कौमारी ही मातृका नावाच्या देवीसमूहातली एक, कुमाराची म्हणजे कार्तिकेयाची शक्ती. वाहन मोर, हातात शक्ती हे आयुध. नावातला ‘कुमार’ वयाचा नाही, देवाचा आहे.

नेपाळात मात्र या दोघी एकमेकींत सरमिसळ होतात. भक्तपूरजवळच्या ठिमीत बालकुमारीचं मंदिर आहे. नाव ऐकून लहान मुलीची मूर्ती असेल असं वाटतं, पण मंदिरासमोरच्या खांबावर मोर बसला आहे. म्हणजे ही अष्टमातृकांतली कौमारी. वैशाखाच्या सुरुवातीला, त्यांच्या नववर्षाच्या दिवसांत, इथे वेगवेगळ्या टोलांतून, म्हणजे वस्त्यांतून, देवांच्या पालख्या येतात आणि केशरी शेंदराची इतकी उधळण होते की माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. जेजुरीचा भंडारा पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कुमारिकापूजनात मुलीचं वय किती असावं?

देवीभागवताच्या तिसऱ्या स्कंधात दोन ते दहा वर्षं सांगितली आहेत. एक वर्षाची मुलगी घेऊ नये, कारण तिला गंध, फळ वगैरेची चव-समज नसते असं कारण दिलं आहे. दोन वर्षांची कुमारिका, तीनची त्रिमूर्ती, चारची कल्याणी, पाचची रोहिणी, सहाची कालिका, सातची चंडिका, आठची शांभवी, नऊची दुर्गा, दहाची सुभद्रा. म्हणजे काटेकोर पाहिलं तर या यादीत ‘कुमारी’ फक्त दोन वर्षांची.

रुद्रयामलासारखे तंत्रग्रंथ मात्र एकपासून सोळापर्यंत जातात: एक वर्षाची संध्या, दोनची सरस्वती असं करत सोळाव्या वर्षी अंबिका. तेव्हा ‘दहाच्या वर चालत नाही’ आणि ‘सोळापर्यंत चालते’ असं सांगणारे दोघेही खोटं बोलत नसतात, त्यांचे ग्रंथ वेगळे असतात. घरच्या पूजेत एवढं कोणी मोजत नाही. आळीतल्या मुली येतात, पाय धुतले जातात, हळदकुंकू, गजरा, जेवण, हातात काहीतरी भेट. उत्तरेत हेच अष्टमी-नवमीला ‘कंजक’ किंवा कन्यापूजन म्हणून होतं.

मुलगी विशिष्ट जातीचीच हवी असं काही आहे का?

देवीभागवत जातीनुसार फळं सांगतं: सर्व कार्यांसाठी ब्राह्मणाची, जयासाठी राजवंशातली, लाभासाठी वैश्याची वा शूद्राची. म्हणजे वगळत कोणालाच नाही, पण उतरंड आहेच. ती आज पाळण्याचं कारण मला तरी दिसत नाही. विवेकानंदांनी १८९८ मध्ये काश्मीरमध्ये एका मुसलमान नावाड्याच्या लहान मुलीची उमा म्हणून पूजा केली होती आणि १९०१ मध्ये बेलूर मठात दुर्गापूजेतली कुमारीपूजा सुरू केली, ती आजही अष्टमीला होते.

नेपाळची कुमारी म्हणजे काय? तिथली सगळी हिंदू मंडळी हे पाळतात का?

‘नेपाळची’ म्हणण्यापेक्षा काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाची म्हणा. डोंगराळ भागातल्या बाहुन-छेत्री (ब्राह्मण-क्षत्रिय) घरांत दशैंच्या, म्हणजे तिथल्या नवरात्र-दसऱ्याच्या, नवमीला कन्यापूजा होते, ती आपल्यासारखीच. शिवाय त्यांच्यात मुलीच्या, भाचीच्या पाया पडण्याची रीत आहे. दशैंला टिका लावून दक्षिणा देतात आणि वडीलधारेच तिला ‘ढोगतात’. पण एक मुलगी निवडून तिला वर्षानुवर्षं देवी म्हणून बसवणं ही नेवारांची पद्धत. नेवारीत तिला ‘द्यः मयजु’ म्हणतात. द्यः म्हणजे देव.

काठमांडूची कुमारी वसंतपूरला कुमारी घरात राहते. जयप्रकाश मल्ल या राजाने ते १७५७ मध्ये बांधलं. तिचा रथ इंद्रजात्रेत निघतो, आणि रथाचा पहिला दिवस भाद्रपद शुद्ध चतुर्दशीचा: आपल्याकडे गणपती विसर्जनाला निघतात तोच. तिच्यासोबत गणेश आणि भैरव यांचेही रथ असतात आणि त्यांतही जिवंत मुलगेच बसतात. कपाळावर लाल रंगाच्या मधोमध रेखलेला तिसरा डोळा (अग्निचक्षू म्हणतात), लाल वस्त्रं, वर बांधलेला अंबाडा. बाहेर असताना तिचा पाय जमिनीला लागू देत नाहीत, उचलून नेतात.

मुलगी बौद्ध घरातली आणि तिच्यात येणारी देवी हिंदू, हे कसं?

काठमांडूची कुमारी शाक्य कुळातून येते, खोऱ्यातल्याच पाटण शहराची परंपरेने वज्राचार्य या बौद्ध पुरोहितांच्या कुळातून. दोन्ही कुळं बहालांशी, म्हणजे जुन्या बौद्ध विहारांशी, बांधलेली. मल्ल राजांची कुलदेवता तलेजू, ती हिंदू. राजाच्या दृष्टीने मुलीत तलेजू येते, वज्राचार्यांच्या दृष्टीने ती वज्रदेवी. दोघांनाही एकमेकांचं म्हणणं ठाऊक असतं आणि त्यावरून कोणी भांडत नाही. ‘ती नक्की कोणाची?’ हा प्रश्न बाहेरचे विचारतात.

दंतकथा अशी की तलेजू रोज रात्री राजाशी फासे खेळायला यायची. अट एकच, हे कोणाला कळता कामा नये. कोणी म्हणतात राणीने चोरून पाहिलं, कोणी म्हणतात राजाचीच नजर बिघडली. देवी निघून गेली आणि पुढे सांगून धाडलं की आता शाक्यांच्या लहान मुलीत मला शोध. कोणता राजा याबद्दलही एकमत नाही. काही जण त्रैलोक्य मल्लाचं नाव घेतात, काही जयप्रकाशाचं.

तलेजू म्हणजे आपली तुळजाभवानी का?

हा प्रश्न फक्त मराठी माणूस विचारतो! नावातलं साम्य डोळ्यांत भरतं आणि नेपाळात तलेजूला तुलजा म्हटल्याचंही आढळतं. शिवाय एक ऐतिहासिक धागा दाखवला जातो. मिथिलेत राज्य करणारे कर्णाट राजे मूळचे दक्षिणेतले, नान्यदेव हा त्यांचा मूळपुरुष, १०९७ च्या सुमाराचा. त्यांच्यातल्या हरिसिंहदेवाला तुघलकाच्या स्वारीमुळे सिमरौनगढ सोडावं लागलं आणि त्यानेच तलेजूला भक्तपुरात आणलं, अशी प्रचलित कथा.

कथेत एक मोठं भोक आहे. गोपालराजवंशावली ही जुनी वंशावळ सांगते की हरिसिंहदेव वाटेतच वारला; भक्तपूरला पोचले ते त्याच्या घरचे लोक. देवी त्यांच्याबरोबर आली असेलही. पण तुळजापूरपासून भक्तपूरपर्यंत सरळ रेघ ओढायची तर मधले बरेच दुवे हातात नाहीत. ‘नात्यातली असावी’ इथपर्यंत म्हणावं. ‘आपलीच भवानी नेपाळला गेली’ असं छातीठोक सांगू नये.

कुमारी कशी निवडतात? अंधाऱ्या खोलीत रेड्यांच्या मुंडक्यांमध्ये बसवतात हे खरं आहे का?

मुलगी साधारण दोन ते चार वर्षांची असताना निवडतात. बत्तीस लक्षणं बघतात, दात पडलेला नसावा, अंगातून रक्त गेलेलं नसावं, मोठा आजार झालेला नसावा. पत्रिका पाहतात; राजेशाही होती तेव्हा ती राजाच्या पत्रिकेशी जुळते का हेही पाहत. नव्या कुमारीला बहुधा दशैंत गादीवर बसवतात.

मुंडक्यांची गोष्ट पर्यटकांना फार आवडते. दशैंच्या अष्टमीच्या रात्री, काळरात्रीला, तलेजूपुढे रेडे-बोकडांचे बळी पडतात हे खरं. पण चिमुरडीला एकटीला तिथे रात्रभर कोंडून तिची भीती जोखतात हे वर्णन तिखटमीठ लावलेलं आहे. स्वतः कुमारी राहिलेल्यांपैकी काहींनीच ते नाकारलं आहे.

कुमारी एकच असते ना?

नाही. काठमांडूची, म्हणजे पूर्वीची राजाची कुमारी, सगळ्यांत प्रसिद्ध. पाटण आणि भक्तपूरलाही आहेत, कारण ती वेगळी राज्यं होती. त्याखेरीज बुंगमतीसारख्या गावांतही कुमारी असतात. शिवाय गणकुमारी असा प्रकार आहे, ज्यात अनेक मुलींची एकत्र पूजा होते.

ती देवी केव्हा राहत नाही?

पहिली पाळी आली की. किंवा त्याआधी जखमेतून, दात पडून, आजारातून बरंच रक्त गेलं की. नियम रक्ताचा आहे, वयाचा नाही. म्हणूनच पाटणमध्ये एक विलक्षण प्रसंग घडला. तिथली एक कुमारी पाळी न आल्यामुळे सुमारे तीन दशकं गादीवर राहिली. १९८०च्या दशकात तिच्या जागी दुसरी बसवली गेली, पण तिने आपलं कुमारीपण सोडलं नाही. घरातच तसंच व्रतस्थ राहून भक्तांना दर्शन देत राहिली. २०१५ च्या भूकंपात घर हलायला लागलं तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी रस्त्यावर आली. अमरकोशाने ‘कुमारी’ आणि ‘अनागतार्तवा’ वेगळे ठेवले होते. नेवारांनी ते एक केले, आणि नियम असा अक्षरशः पाळला की काय होतं ते इथे दिसलं.

माजी कुमारीशी लग्न करणारा लवकर मरतो म्हणतात...

म्हणतात खरं. बऱ्याच माजी कुमारींची लग्नं झाली आहेत, मुलंबाळं आहेत आणि नवरे धडधाकट आहेत. या समजुतीचा त्रास मात्र त्या मुलींना होतो.

तिला शाळा नाही, बालपण नाही. हे बंद का करत नाहीत?

तक्रार योग्य आहे आणि ती नेपाळातल्याच लोकांनी कोर्टात नेली. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुमारी असली तरी ती बालक आहे आणि शिक्षण, आरोग्य, हिंडण्याफिरण्याचे तिचे हक्क हिरावून घेता येणार नाहीत. आता कुमारी घरात शिक्षक येऊन शिकवतात, परीक्षा होतात, पद सोडल्यावर निवृत्तिवेतन मिळतं. परंपरा बंद झाली नाही, कारण नेवार समाजाला ती नको झालेली नाही.

माझं मत विचाराल तर शिकवणीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. अवघड आहे ते पुढचं. जिच्या पायावर राष्ट्रप्रमुख डोकं ठेवत होता तिने बाराव्या-तेराव्या वर्षी घरी जाऊन रस्ता ओलांडायला शिकायचं, गर्दीतून वाट काढायची, वर्गात बाकावर बसायचं. याला कोर्टाचा हुकूम पुरत नाही.

राजा गेला तरी कुमारी कशी टिकली?

कारण तिचा टिळा हे राज्य करण्याचं मान्यतापत्र होतं, आणि ते कोणालाही हवंच असतं. १७६८ मध्ये पृथ्वीनारायण शाहाने इंद्रजात्रेच्या दिवशीच काठमांडू घेतलं. जयप्रकाश मल्ल पळाला, उत्सव थांबला नाही आणि कुमारीचा टिळा नव्या राजाच्या कपाळी लागला. त्यानंतर दरवर्षी शाह राजे तिच्यापुढे वाकत आले. २००८ मध्ये राजेशाही संपली आणि त्याच वर्षी इंद्रजात्रेत टिळा घ्यायला राष्ट्रपती रामवरण यादव हजर! माणूस बदलतो, कपाळ बदलतं, टिळा लावणारी गादी तीच. ‘पद’ म्हणतो ते याच अर्थाने.

नेवार मुलींचं बेलफळाशी लग्न लावतात, त्याचा कुमारीशी संबंध आहे का?

आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. त्या विधीला इहि म्हणतात. दोन्हीकडे मोजमाप पहिल्या पाळीचंच: कुमारीचं पद पाळीने संपतं, आणि इथे पाळी येण्याआधी, बहुधा अनेक मुलींचा मिळून, हा सोहळा होतो. कन्यादानासकट सगळं खऱ्या लग्नासारखं. बेलफळ ज्याचं रूप मानतात तो वर सुवर्णकुमार. काही घरांत त्यालाच विष्णू मानतात. पुढे बाह्रा नावाचा विधी असतो, त्यात मुलीला बारा दिवस अंधाऱ्या खोलीत सूर्यापासून दूर ठेवतात आणि शेवटी तिचं सूर्याशी लग्न लावतात. माणसाशी होणारं लग्न यानंतरचं. त्यामुळे नवरा वारला तरी ती पूर्ण अर्थाने विधवा होत नाही, कारण पहिला नवरा अमर आहे.

नेपाळी बायकांच्या नावात मधेच ‘कुमारी’ असतं. त्या सगळ्या अविवाहित असतात?

छे. देवी, माया, कुमारी ही तिथे मधली नावं म्हणून सर्रास लागतात. लग्नानंतरही तशीच राहतात, नातवंडं झाली तरी. बिहारमध्ये तर ‘कुमारी’ आडनावाच्या जागी येतं. मराठीत मात्र ‘कु.’ अजून बिनलग्नाचं लक्षण आहे, शाळेच्या दाखल्यावर लागतं आणि लग्नपत्रिकेत त्याची जागा ‘चि. सौ. कां.’ घेते. मुलाच्या नावामागचं ‘चि.’ मात्र लग्नपत्रिकेतही तसंच राहतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कोरफडीला कुमारी का म्हणतात?

आयुर्वेदात कुमारी, घृतकुमारी, नेपाळीत घिउकुमारी, हिंदीत घीकुंवार. गर मऊ, तुपासारखा बुळबुळीत, म्हणून घृत. पान कायम हिरवंगार आणि रसरशीत, म्हणून कुमारी, असं सांगतात. कुमारी आसवाची बाटली घरोघर परिचयाची आहे. गंमत म्हणजे याच कोरफडीचा वाळवलेला चीक, काळा बोळ, रजःप्रवर्तिनी वटीत पडतो, म्हणजे अडलेली पाळी सुरू करणाऱ्या औषधात. संस्कृतात त्या चिकाला कन्यासार म्हणतात. गर्भारपणी तो घेऊ नये, वैद्याला विचारल्याशिवाय एरवीही नको.

कुमारी खंड, कुमरी शेती, हे सगळं यातलंच का?

स्कंदपुराणात कौमारिका खंड आहे. भारतवर्षाच्या नऊ विभागांतल्या एकाला संस्कृत कवी राजशेखर ‘कुमारीद्वीप’ म्हणतो. बुडालेल्या तमिळ भूमीचं ‘कुमारी कंडम’ हे आजचं रूप मात्र एकोणिसाव्या शतकातल्या लेमुरिया या बुडालेल्या खंडाच्या कल्पनेनंतरचं आहे. कुमरी शेतीचा काही संबंध नाही. तो कानडीकडून आलेला शब्द, डोंगरउतारावरचं रान जाळून केलेल्या फिरत्या शेतीचा.

काठमांडूला गेल्यावर कुमारीचं दर्शन होतं का?

कुमारी घराच्या चौकात जाता येतं. कोरीव लाकडी खिडक्यांनी वेढलेला छोटा चौक आहे. २०१५ च्या भूकंपात आजूबाजूची मंदिरं कोसळली, ही इमारत उभी राहिली. कुमारी कधीकधी वरच्या मजल्यावरच्या खिडकीत काही क्षण येते. वेळ तिच्या सांभाळकर्त्यांच्या मर्जीवर, हट्ट धरू नये. ती खिडकीत असताना फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा फोन खिशात ठेवा. रिकाम्या चौकाचे काढले तर चालतात. ती हसत नाही म्हणून मुलांकरवी हाका मारायला लावू नका. तिने हसणं-रडणं हेही शकुन मानले जातात, आणि शांत बसणं म्हणजे सगळं ठीक आहे.